पुनरारंभानंतर संगणकाचे नाव न टिकणे

यजमाननाव किंवा होस्टनेम म्हणजे संगणकजाळ्यात एखादा संगणक ज्या नावाने ओळखला जातो ते नाव. हे नाव बदलल्यावर नवे नाव लगेच दिसू लागते. परंतु संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की जुने नाव किंवा ‘लोकलहोस्ट’सारखे सर्वसाधारण नाव परत येते, असा अनुभव अनेक प्रणालींवर येतो. हा बहुधा यंत्रातील बिघाड नसतो. चालू प्रणालीच्या स्मृतीतील नाव आणि डिस्कवर नोंदवलेले नाव या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्यांपैकी एकच बदलली गेल्यामुळे, किंवा आरंभाच्या वेळी तिसऱ्याच घटकाने नाव पुन्हा लिहिल्यामुळे, ही स्थिती उद्भवते. संगणक सुरू होताना ज्या घटकाने सर्वांत शेवटी नाव लिहिले, त्याने दिलेले नाव कायम राहते. म्हणून या समस्येचे निवारण म्हणजे मुख्यतः तो शेवटचा लिहिणारा घटक शोधून काढणे होय.

## महत्त्व

एकट्या घरगुती संगणकाचे नाव बदलले तरी वापरकर्त्याला ते सहसा जाणवत नाही. अनेक संगणक एकत्र जोडलेल्या प्रयोगशाळेत, शाळेत किंवा कार्यालयात मात्र नाव हीच यंत्राची ओळख असते. राखीव प्रती घेणाऱ्या अनेक व्यवस्था प्रत्येक संगणकासाठी त्याच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर करतात. पुनरारंभानंतर दोन संगणकांनी एकच नाव धारण केले, तर दोघांच्या प्रती एकाच फोल्डरात जाऊन एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. घटनांच्या नोंदवह्यांतही प्रत्येक नोंदीसोबत यंत्राचे नाव असते. नाव बदलत राहिल्यास कोणत्या यंत्रावर काय घडले हे नंतर सांगता येत नाही. सामायिक छपाईयंत्र, सामायिक फोल्डर आणि दूरस्थ प्रवेश यांसाठीही इतर संगणक नावाचाच आधार घेतात.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न अधिक व्यवहाराचा ठरतो. अशा ठिकाणच्या प्रयोगशाळेची देखभाल करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी तेथे हजर असतेच असे नाही. पुष्कळदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूरस्थ पद्धतीने काम केले जाते. दूर बसलेल्या तंत्रज्ञापुढे यंत्र नसते, केवळ नावांची यादी असते. त्या यादीतील नाव भलत्याच यंत्राकडे नेत असेल, तर दुरुस्तीही भलत्याच यंत्राची होते. शिवाय वीजपुरवठा खंडित होत असेल तेथे पुनरारंभ हा नियोजित नसून केव्हाही घडणारा प्रसंग असतो. महिनाभर सुरळीत चाललेले नाव वीज जाऊन आल्यावर नाहीसे होते आणि तोपर्यंत ते कोणी, कसे बदलले होते याची आठवणही उरलेली नसते.

## इतिहास

अमेरिकेतील आर्पानेट या आरंभीच्या संगणकजाळ्यात सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलीत असत. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ही फाइल सांभाळली जाई आणि इतर संस्था तिची प्रत उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डोमेन नाव प्रणालीने, म्हणजेच डीएनएसने, तिची जागा घेतली. त्या जुन्या फाइलीचा अवशेष आजही बहुतेक प्रणालींत ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलीच्या रूपाने टिकून आहे.

१९८३ मध्येच प्रसृत झालेल्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीत यंत्राचे नाव कर्नलला सांगण्याची आणि कर्नलकडून विचारून घेण्याची सोय झाली. या रचनेत कर्नल नाव केवळ स्मृतीत धरून ठेवी. प्रत्येक आरंभाच्या वेळी एका आरंभ-फाइलीतील आज्ञा ते नाव कर्नलला नव्याने सांगत असे. ही विभागणी लिनक्ससह नंतरच्या बहुतेक युनिक्ससदृश प्रणालींनी स्वीकारली. कर्नलला मागील नाव आठवत नाही. ते लक्षात ठेवण्याचे काम डिस्कवरील फाइलीचे आणि आरंभ-व्यवस्थेचे असते. प्रस्तुत समस्येचे मूळ या विभागणीत आहे.

भारतात नावांच्या व्यवस्थेचा आरंभ महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक व संशोधन जाळ्याच्या सहभागी संस्थांत मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, म्हणजे एनसीएसटीचा, आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा समावेश होता. १९८९ मध्ये भारताला ‘डॉट इन’ हे देशनाम मिळाले. त्याची नोंदणी एनसीएसटीकडे होती. २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेच्या नोंदणी-व्यवस्थेकडे आले.

## नाव कोठे साठवले जाते

आज्ञा व फाइली यांची नावे प्रत्यक्ष टंकताना रोमन लिपीत लिहावी लागतात. पुढील विवेचनात ती उच्चारानुसार दिली आहेत.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचे नाव साधारणतः चार ठिकाणी आढळते.

* कर्नलच्या स्मृतीत : हे प्रत्यक्ष वापरातील नाव होय. ‘होस्टनेम’ ही आज्ञा तेच दाखवते. वीज गेली की ते पुसले जाते.
* ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘होस्टनेम’ या फाइलीत : हे कायमचे नाव होय. आरंभाच्या वेळी ही फाइल वाचून तिच्यातील नाव कर्नलला सांगितले जाते.
* ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘होस्ट्स’ या फाइलीत : ही नाव आणि जाळेपत्ता यांची जोडी लावणारी सारणी आहे. यंत्राचे नाव काय असावे हे ती ठरवत नाही; ते नाव कोणत्या पत्त्यावर सापडेल एवढेच सांगते.
* यंत्राबाहेर : राउटर किंवा डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस सर्व्हर आणि मेघसेवेची व्यवस्था यांच्याकडेही त्या यंत्रासाठी एखादे नाव नोंदवलेले असू शकते.

सिस्टमडी ही आरंभ-व्यवस्था वापरणाऱ्या प्रणालींत नावाचे तीन प्रकार मानले जातात. स्थिर नाव फाइलीत असते. तात्पुरते नाव कर्नलमध्ये असते व ते जाळ्याकडूनही मिळू शकते. तिसरे शोभेचे नाव केवळ माणसांना वाचण्यासाठी असते. ‘होस्टनेमसीटीएल’ ही आज्ञा दिल्यास स्थिर नाव दिसते आणि तात्पुरते नाव त्याहून वेगळे असल्यास तेही स्वतंत्र ओळीत दिसते. या दोन ओळी वेगळ्या दिसणे हा निदानातील महत्त्वाचा संकेत असतो.

## कारणे

### केवळ तात्पुरते नाव बदलणे

सर्वांत अधिक आढळणारे कारण हेच आहे. ‘होस्टनेम’ या आज्ञेपुढे नवे नाव लिहून ती चालवली की कर्नलच्या स्मृतीतील नाव बदलते. फाइल मात्र तशीच राहते. आज्ञा यशस्वी होते, कोणतीही त्रुटी दिसत नाही, आणि पुढील आरंभाच्या वेळी फाइलीतील जुने नाव पुन्हा वाचले जाते.

### फाइलीत बदल प्रत्यक्षात न उतरणे

प्रशासकीय अधिकार नसताना केलेला बदल जतन होत नाही. ‘सुडो’ वापरूनही काही वेळा हे घडते. आज्ञेचा परिणाम बाणाच्या चिन्हाने फाइलीकडे वळवल्यास ‘सुडो’चा अधिकार आज्ञेपुरता राहतो आणि फाइल उघडण्याची क्रिया सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात होऊन ती नाकारली जाते. डिस्कमध्ये दोष आढळल्यामुळे प्रणालीने ती केवळ-वाचनीय केली असेल, किंवा फाइलीवर अपरिवर्तनीयतेचा गुणधर्म लावलेला असेल, तरीही नवे नाव लिहिले जात नाही. बदल केल्यानंतर लगेच वीज गेल्यास माहिती स्मृतीतून डिस्कवर उतरण्याआधीच नष्ट होऊ शकते. अशा वेळी फाइल जुनी किंवा रिकामी सापडते. रिकाम्या फाइलीमुळे प्रणाली ‘लोकलहोस्ट’ किंवा त्या वितरणाने ठरवलेले पर्यायी नाव धारण करते.

### चुकीच्या फाइलीत बदल

वेगवेगळ्या वितरणांच्या जुन्या आवृत्त्यांत नाव वेगवेगळ्या ठिकाणी असे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ते ‘सिसकॉन्फिग’ फोल्डरातील ‘नेटवर्क’ या फाइलीत एका ओळीत लिहिले जाई. २०१४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘होस्टनेम’ ही फाइल वापरात आली. जुन्या पुस्तकातील पद्धत नव्या प्रणालीवर वापरल्यास फाइल बदलते, परंतु ती कोणी वाचत नाही. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्यामुळे तिला डेबियनची पद्धत लागू पडते.

### जाळ्याकडून आलेले नाव

डीएचसीपी सर्व्हर संगणकाला जाळेपत्ता देताना त्यासोबत नावही सुचवू शकतो. नेटवर्कमॅनेजर ही व्यवस्था तिच्या मूळ मांडणीत स्थिर नावाला प्राधान्य देते. परंतु स्थिर नाव नसेल किंवा ते ‘लोकलहोस्ट’ असेल, तर ती डीएचसीपीने दिलेले नाव घेते, आणि तेही नसेल तर पत्त्यावरून डीएनएसमध्ये उलटा शोध घेऊन मिळालेले नाव लावते. अशा यंत्राचे नाव एका खोलीत एक आणि दुसऱ्या खोलीत दुसरे असे बदलताना दिसते.

### मेघसेवा आणि स्वयंचलित मांडणी

मेघसेवेतील आभासी संगणकांवर ‘क्लाउड-इनिट’ हा कार्यक्रम आरंभाच्या वेळी चालतो आणि सेवादात्याकडून मिळालेल्या माहितीनुसार नाव लावतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपल्या मेघसेवेचे क्षेत्र सुरू केल्यानंतर महाराष्ट्रातील विद्यार्थी व लहान व्यवसाय यांच्याही वापरात असे संगणक सहज येऊ लागले. ॲन्सिबल किंवा पपेट यांसारख्या सामूहिक मांडणीच्या साधनांतही असेच घडते. मध्यवर्ती यादीत जुने नाव असेल, तर यंत्रावर केलेला बदल पुढील फेरीत पूर्ववत होतो.

### गोठवलेली किंवा तात्पुरती प्रणाली

सार्वजनिक वापराच्या संगणकांवर आणि प्रशिक्षण केंद्रांत प्रत्येक पुनरारंभाला डिस्क मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत आहे. डीप फ्रीझ हे त्याचे परिचित उदाहरण. विंडोजच्या काही आवृत्त्यांत युनिफाइड राइट फिल्टर ही अंगभूत सोयही आहे. येथे नाव न टिकणे हा दोष नसून त्या सॉफ्टवेअरचे अपेक्षित कार्य होय. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लाइव्ह लिनक्समध्येही कायम साठवणीची सोय केली नसल्यास सर्व बदल स्मृतीतच राहतात. डॉकरच्या कंटेनरला वेगळे नाव न दिल्यास त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे हेच त्याचे नाव होते. कंटेनर नव्याने निर्माण केला की तेही बदलते.

## निदान

निदानासाठी संगणक पुन्हा सुरू करून, त्यानंतर दुसरा कोणताही बदल करण्यापूर्वी, स्मृतीतील नाव आणि फाइलीतील नाव यांची तुलना करणे आवश्यक असते. या तुलनेतून तीनच शक्यता उरतात.

1. फाइलीतही जुनेच नाव आहे : नवे नाव फाइलीत कधी लिहिलेच गेले नाही, किंवा लिहिल्यानंतर कोणीतरी ते बदलले. अशा वेळी फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळ पाहावी. ती वेळ संगणक सुरू झाल्याच्या वेळेशी जुळत असेल, तर आरंभाच्या वेळी चालणारा एखादा कार्यक्रम फाइल पुन्हा लिहीत आहे. ती वेळ फार जुनी असेल, तर बदल जतनच झालेला नाही किंवा डिस्क गोठवलेली आहे.
2. फाइलीत नवे नाव आहे, पण स्मृतीत जुने आहे : फाइल वाचली गेली नाही, किंवा वाचल्यानंतर दुसऱ्या घटकाने स्मृतीतील नाव बदलले. संशय प्रथम डीएचसीपी, नेटवर्कमॅनेजर, क्लाउड-इनिट आणि आरंभाच्या वेळी चालणाऱ्या स्थानिक आज्ञावली यांच्यावर घ्यावा.
3. दोन्हीकडे नवे नाव आहे, पण इतरत्र जुने दिसते : यंत्राचे नाव टिकलेले आहे. दोष नावाच्या नोंदीत नसून नाव शोधण्याच्या व्यवस्थेत आहे. होस्ट्स फाइल, राउटरमधील जुनी नोंद, डीएनएस किंवा दुसऱ्या संगणकाने लक्षात ठेवलेली जुनी माहिती तपासावी.

दुसऱ्या शक्यतेची खातरजमा एका साध्या प्रयोगाने होते. जाळ्याची तार काढून आणि वाय-फाय बंद ठेवून संगणक सुरू करावा. नवे नाव टिकले, तर जुने नाव जाळ्याकडून येत होते हे सिद्ध होते. टिकले नाही, तर कारण यंत्राच्या आतच आहे. त्यानंतर ‘ईटीसी’ फोल्डरातील सर्व फाइलींत जुन्या नावाचा शोध घेतल्यास ते कोठे नोंदलेले राहिले आहे हे बहुधा सापडते. सिस्टमडी असलेल्या प्रणालींत ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने चालू आरंभापासूनच्या नोंदी पाहून नाव कोणत्या क्षणी व कोणत्या घटकाने लावले हेही समजू शकते.

निदान करताना एका वेळी एकच बदल करून संगणक पुन्हा सुरू करणे श्रेयस्कर असते. एकाच वेळी तीन ठिकाणी बदल केल्यास समस्या सुटली तरी कारण कळत नाही, आणि तीच समस्या शेजारच्या यंत्रावर उद्भवल्यास सर्व शोध पुन्हा आरंभापासून घ्यावा लागतो.

## निवारण

### लिनक्स

सिस्टमडी असलेल्या प्रणालींवर ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ या आज्ञेपुढे नवे नाव लिहून ती प्रशासकीय अधिकाराने चालवावी. ती स्मृती आणि फाइल या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल करते. होस्ट्स फाइलीत मात्र बहुतेक वितरणांवर स्वतंत्रपणे बदल करावा लागतो. डेबियन व त्यावर आधारित प्रणालींत तेथे १२७.०.१.१ या पत्त्यापुढे यंत्राचे नाव असते. तेथे जुने नाव राहिल्यास ‘सुडो’ चालवताना नाव सापडत नसल्याची सूचना येते आणि आज्ञा सुरू होण्यास विलंब लागू शकतो.

नाव जाळ्याकडून येत असल्यास प्रथम स्थिर नाव नीट लिहिलेले आहे याची खात्री करावी. तरीही बदल होत राहिल्यास नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत ‘होस्टनेम-मोड’ या पर्यायाला ‘नन’ हे मूल्य दिले की ती व्यवस्था नावाला हात लावत नाही. क्लाउड-इनिट असलेल्या यंत्रावर त्याच्या मांडणीत ‘प्रिझर्व्ह’ आणि ‘होस्टनेम’ हे दोन शब्द अंडरस्कोरने जोडून होणाऱ्या पर्यायाला ‘ट्रू’ हे मूल्य द्यावे. होस्ट्स फाइल सांभाळण्याचे कामही क्लाउड-इनिटकडे सोपवलेले असल्यास त्या फाइलीत हाताने केलेले बदल पुढील आरंभाला पुसले जातात. म्हणून बदल तिच्या मूळ साच्यात करावा लागतो.

### विंडोज

विंडोजमध्ये क्रम उलटा आहे. नाव बदलल्यावर ते आधी कायमच्या नोंदीत लिहिले जाते आणि पुनरारंभानंतरच वापरात येते. रजिस्ट्रीमध्ये नियोजित नाव आणि सध्या वापरात असलेले नाव यांसाठी दोन वेगळ्या नोंदी असतात. ‘जलद आरंभ’ ही सोय सुरू असताना ‘शट डाउन’ केल्यास कर्नलची स्थिती डिस्कवर जतन होते आणि पुढील वेळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणून नाव बदलल्यावर ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा. संगणक संस्थेच्या डोमेनमध्ये असल्यास मध्यवर्ती निर्देशिकेतील खात्याचे नाव बदलण्याचा अधिकारही लागतो.

गोठवलेल्या संगणकावर प्रथम संरक्षण तात्पुरते उठवून पुनरारंभ करावा, नंतर नाव बदलून पुन्हा पुनरारंभ करावा आणि नवे नाव खात्रीने दिसल्यावरच संरक्षण परत लावावे. डोमेनमधील विंडोज संगणक मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी आपल्या खात्याचा गुप्तशब्द आपोआप बदलतो. गोठवलेली डिस्क जुना गुप्तशब्द परत आणत असल्यास केंद्रीय सर्व्हरशी असलेला विश्वाससंबंध तुटू शकतो. वरकरणी हा दोषही नावाचाच वाटतो.

### इतर प्रणाली

मॅकओएसमध्ये तीन स्वतंत्र नावे असतात : वापरकर्त्याला दिसणारे, स्थानिक जाळ्यातील आणि युनिक्स आज्ञांना दिसणारे. ‘एससीयूटिल’ या आज्ञेने ती वेगवेगळी ठरवता येतात. तिसरे नाव दिलेले नसल्यास ते जाळ्यावरून ठरू शकते. स्थानिक जाळ्यात तेच नाव आधीच कोणी घेतलेले असल्यास प्रणाली नावापुढे हायफन व अंक जोडते. विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्स उपप्रणालीचे नाव मूळ विंडोज संगणकावरून घेतले जाते. ते वेगळे हवे असल्यास ‘डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ’ या फाइलीतील नेटवर्क विभागात लिहून उपप्रणाली पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.

## नावाचे नियम आणि लांबी

यजमाननावात रोमन अक्षरे, अंक आणि हायफन एवढीच चिन्हे चालतात. नावाच्या आरंभी किंवा शेवटी हायफन चालत नाही; अंडरस्कोर व मोकळी जागाही चालत नाही. आरंभीच्या नियमांत नावाचे पहिले चिन्ह अक्षरच असणे आवश्यक होते. १९८९ मध्ये अंकालाही मुभा मिळाली. डीएनएसमध्ये दोन टिंबांमधील एका भागाची कमाल लांबी ६३ चिन्हे आहे. लिनक्स कर्नल ६४ चिन्हांपर्यंतचे नाव स्वीकारतो. विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत मात्र नावासाठी १५ चिन्हेच मिळतात. सोळावे स्थान सेवेचा प्रकार दर्शवण्यासाठी राखीव असते.

लांबीच्या या फरकामुळे नाव बदलल्याचा किंवा न टिकल्याचा भास होऊ शकतो. उदाहरणार्थ, राळेगाव येथील एका कल्पित प्रयोगशाळेत गावाचे नाव, हायफन, ‘लॅब१’, हायफन आणि दोन अंकी क्रमांक अशी नावे देण्याचे ठरले. राळेगाव हा शब्द रोमन लिपीत आठ अक्षरांचा होतो. त्यात एक हायफन, चार चिन्हांचा ‘लॅब१’, दुसरा हायफन आणि दोन अंक मिळवले की एकूण १६ चिन्हे होतात. नेटबायोससाठी शेवटचे चिन्ह कापले गेले की ०१ ते ०९ या नऊही संगणकांचे नाव एकच होते. लिनक्सवर नावे वेगळी दिसतात, परंतु सामायिक फोल्डरांच्या यादीत ती एकमेकांवर आदळतात. ‘लॅब’पुढील १ हा अंक गाळला, तर नाव बरोबर १५ चिन्हांत बसते.

देवनागरीतील नावे डीएनएसमध्ये थेट साठवली जात नाहीत. त्यांचे रोमन चिन्हांत सांकेतिक रूपांतर होते आणि अशा रूपाच्या आरंभी ‘एक्स’, ‘एन’ व दोन हायफन असतात. ऑगस्ट २०१४ मध्ये खुल्या झालेल्या ‘डॉट भारत’ या देवनागरी देशनामामागे हीच पद्धत आहे. यंत्राच्या स्थिर नावासाठी रोमन अक्षरेच वापरावी लागत असली, तरी सिस्टमडीच्या शोभेच्या नावात युनिकोड चालते. त्यामुळे ‘राळेगाव प्रयोगशाळा, संगणक ७’ असे नाव देवनागरीत ठेवता येते. जाळ्यातील व्यवहार मात्र रोमन नावानेच होतात.

## प्रचलित गैरसमज

* मदरबोर्डवरील बॅटरी संपल्यामुळे नाव जाते : ही बॅटरी संपल्यास घड्याळ व मूलभूत मांडणी बिघडते. यंत्राचे नाव डिस्कवर असते. त्याचा या बॅटरीशी संबंध नाही.
* टर्मिनलमध्ये जुने नाव दिसते, म्हणजे बदल झालेला नाही : आधीपासून उघडलेले टर्मिनल आरंभी वाचलेले नावच दाखवत राहते. नवे टर्मिनल उघडून खात्री करावी.
* होस्ट्स फाइल बदलली की यंत्राचे नाव बदलते : त्या फाइलीने केवळ नावाचा पत्ता ठरतो.
* प्रणाली पुन्हा बसवणे हाच उपाय आहे : नाव जाळ्याकडून किंवा मध्यवर्ती मांडणीतून येत असल्यास प्रणाली पुन्हा बसवूनही जुने नाव परत येते.

## प्रतिबंध

एकाच डिस्कची प्रत अनेक संगणकांवर उतरवताना सर्वांची नावे सारखी होतात. म्हणून प्रत उतरवल्यावर, जाळ्याला जोडण्यापूर्वी, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र नाव द्यावे. लिनक्समध्ये यंत्राचा आंतरिक ओळखक्रमांक आणि दूरस्थ प्रवेशाच्या किल्ल्याही नव्याने तयार कराव्यात. केवळ नाव वेगळे केल्याने दोन प्रतींची ओळख पूर्णतः वेगळी होत नाही.

१९९० मध्ये डॉन लिब्स यांनी संगणकांच्या नावांविषयी लिहिलेल्या आरएफसी ११७८ या टिपणात यंत्राच्या विशिष्ट कामावरून नाव देऊ नये असे सुचवले आहे, कारण काम बदलते आणि नाव मागे राहते. खोली व क्रमांक यांवर आधारित नावे प्रयोगशाळेत सोयीची असतात. परंतु यंत्र दुसऱ्या खोलीत नेल्यास तीही दिशाभूल करतात. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी प्रत्येक यंत्राचे नाव, त्याच्या जाळेपत्रिकेचा क्रमांक आणि नाव कोठून ठरते, म्हणजे फाइलीतून, राउटरमधून की मध्यवर्ती यादीतून, याची नोंद कागदावर ठेवणे आणि यंत्राच्या पेटीवर नावाची चिठ्ठी चिकटवणे उपयुक्त ठरते. नाव बदलल्यावर त्याच वेळी एकदा संगणक पुन्हा सुरू करून ते टिकते का हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. ही तपासणी त्या वेळी झाली नाही, तर ती पुढे वीज जाऊन आल्यावर, म्हणजे बदल करणारी व्यक्ती जवळ नसताना, आपोआप होते.